वार्तानिवेदक एडवर्ड मर्रो

स्मरणिकेसाठी थोर पुरुषांची चरित्रे निवडताना आम्ही बहुधा संत, विद्वान व राजकारणी यांच्याकडेच वळतो. नभोवाणीवरून बातम्या सांगणाऱ्या गृहस्थाचे चरित्र ते काय द्यावयाचे, असे काही वाचकांस वाटेल. परंतु बातम्यांची वेळ झाली की ज्या घरांत मुलांस गप्प बसविले जात असे, तेथील वडीलधाऱ्या मंडळींस त्या आवाजावरील विश्वासाचे मोल सांगावयास नको. हा विश्वास कसा मिळवावा लागतो, आणि तो सांभाळताना मोठ्या माणसाचाही पाय कसा घसरतो, हे अमेरिकन वार्तानिवेदक एडवर्ड मर्रो यांच्या आयुष्यात पाहावयास मिळते.

मर्रो यांचा जन्म २५ एप्रिल १९०८ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ग्रीन्सबरो शहरानजीक, एका क्वेकरपंथी शेतकरी कुटुंबात झाला. घर ओंडक्यांचे, त्यात ना वीज, ना नळ. पुढे हे कुटुंब दूर पश्चिमेस वॉशिंग्टन राज्यात गेले. तेथे लाकूडतोडीच्या छावण्यांत मजुरी करीत एडवर्ड शिकले आणि १९३० साली पुलमन येथील महाविद्यालयातून पदवीधर झाले. त्यांच्या वाणीस वळण लावले ते आयडा लू अँडरसन या शिक्षिकेने. बालपणीच पोलिओने या बाईंचे शरीर अपंग केले होते; तथापि वक्तृत्व शिकविण्यात त्यांचा हातखंडा होता. पुढे शिष्य लंडनहून बोलू लागल्यावर त्या दूर अमेरिकेत ते कान देऊन ऐकत. आरंभवाक्यातील पहिल्या शब्दानंतर किंचित थांबावे, अशी सूचना त्यांचीच. तो विराम पुढे मर्रो यांची ओळखच बनला.

१९३५ साली ते कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिममध्ये गेले ते बातम्या सांगण्यासाठी नव्हे, तर इतरांची भाषणे ठरविण्यासाठी. १९३७ मध्ये त्यांस युरोपचे प्रमुख म्हणून लंडनला पाठविण्यात आले, तेही याच कामावर. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. मर्रो तेव्हा वॉर्सात होते. त्यांनी सत्तावीस आसनांचे अख्खे विमान भाड्याने घेतले व एकटेच व्हिएन्ना गाठली. १३ मार्च रोजी युरोपातील निरनिराळ्या राजधान्यांतून पाठोपाठ वार्ता देणारा कार्यक्रम झाला, त्यात तेही बोलले. वार्तानिवेदक म्हणून त्यांची कारकीर्द येथून सुरू झाली.

१९४० साली लंडनवर बाँबवर्षाव होऊ लागला. अमेरिका अद्याप युद्धात उतरली नव्हती व तेथील पुष्कळांस ही आग दूरची वाटत होती. मर्रो यांनी ती त्यांच्या दिवाणखान्यात नेली. ऑगस्टमधील एका रात्री, भोंगे वाजत असता, ट्रॅफल्गार चौकाजवळ त्यांनी ध्वनिक्षेपक चक्क फरसबंदीवर ठेवला. आसऱ्याकडे न धावता, संथपणे चालत जाणाऱ्या लंडनकरांची पावले अमेरिकेत ऐकू गेली. सप्टेंबरात, अधिकाऱ्यांची परवानगी मिळवून, ते इमारतीच्या गच्चीवरून बोलले. जे दिसले तेवढेच, साध्या शब्दांत सांगावयाचे, हा त्यांचा नेम होता. आरडाओरडा नाही, आवेश नाही. आमच्या मते त्यांचे खरे सामर्थ्य या संयमात होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते बाँबफेकी विमानातून बर्लिनवर गेले. त्या रात्री निघालेले काही वार्ताहर परतले नाहीत. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी पाहिल्यावर मात्र बोलण्यास त्यांना तीन दिवस लागले.

युद्धानंतर दूरचित्रवाणी आली. मर्रो यांस तिचे फारसे प्रेम नव्हते, परंतु लौकिक तिनेच वाढविला. कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसांस आयुष्यातून उठविणाऱ्या सिनेटर मॅकार्थी यांचेच भाषण व चित्रण ९ मार्च १९५४ रोजी त्यांनी लोकांपुढे मांडले. कार्यक्रमाची जाहिरात देण्यास कंपनी तयार नव्हती. मर्रो व त्यांचे सहकारी फ्रेंडली यांनी ती पदरमोड करून दिली. १९५८ साली सुरू झालेल्या त्यांच्या एका संवादमालेत पंडित नेहरूही सहभागी झाले होते. त्याच वर्षी शिकागो येथे स्वतःच्याच व्यवसायबंधूंसमोर त्यांनी करमणूक व नफा यांच्या मागे लागलेल्या दूरचित्रवाणीवर कठोर टीका केली. मालकांस ती रुचली नाही.

यापुढचा भाग आम्हांस झाकून ठेवता आला असता. पण मग हे चरित्र नव्हे, स्तुतिपाठ झाला असता. नोव्हेंबर १९६० मध्ये त्यांनी अमेरिकेतील भटक्या शेतमजुरांची हलाखी दाखविली होती. १९६१ साली केनेडी यांनी त्यांस सरकारी माहितीखात्याचे प्रमुख नेमले. बी.बी.सी. तोच कार्यक्रम इंग्लंडात दाखविणार असे कळताच, देशाची नाचक्की होईल म्हणून, तो दाखवू नये अशी गळ मर्रो यांनीच घातली. बी.बी.सी.ने ती मानली नाही. ज्यांनी दुसऱ्यांच्या सत्तेपुढे मान तुकविली नाही, त्यांस स्वतःची खुर्ची जड गेली.

सिगारेट तर त्यांच्या बोटांतून कधी सुटलीच नाही. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावर १९५५ साली त्यांनीच कार्यक्रम केला होता. १९६३ मध्ये त्याच रोगामुळे त्यांचे एक फुप्फुस काढावे लागले. जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी पद सोडले आणि २७ एप्रिल १९६५ रोजी, सत्तावन्नावा वाढदिवस उलटून दोनच दिवस झाले असता, न्यूयॉर्क राज्यातील पॉलिंग येथील आपल्या शेतघरी त्यांनी देह ठेवला.