‘सेल्फ’ देणारा माणूस

जुनी फियाट किंवा ॲम्बॅसॅडर ज्यांनी सांभाळली आहे, त्यांच्या कानावर ‘डेल्को’ हा शब्द पडला नसेल असे होणार नाही. सकाळी गाडी सुरू होईना की मिस्त्री यायचा, बॉनेट उघडायचा, डिस्ट्रिब्यूटरच्या काळ्या टोपीवर बोट ठेवायचा आणि डेल्को खोलावा लागेल म्हणून सांगायचा. डेल्को हे खरे म्हणजे एका कंपनीचे नाव. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन गावी, १९०९ साली चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिच्या आद्याक्षरांचा हा शब्द. डीड्सच्या घरामागच्या कोठारात त्यांचे काम चाले.

केटरिंग शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८७६चा. डोळे इतके अधू की कॉलेज अर्धवट सोडावे लागले. मधल्या काळात त्याने टेलिफोनच्या तारा ओढण्याच्या टोळीत काम केले आणि पदवी घेतली ती १९०४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी. नोकरी लागली नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. उभा जन्म मी कॅश काउंटरच्या आसपास काढला, म्हणून असेल कदाचित, पण त्याच्या चरित्रातला हा भाग मला सर्वांत गोड वाटतो. त्या काळी गल्ल्याचे यंत्र हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. केटरिंगने त्याला विजेची छोटी मोटर बसवली. मोटर लहान, पण क्षणभर मोठा जोर लावणारी. गल्ला काही दिवसभर फिरवायचा नसतो!

हेच त्याने मोटारीला लावले. तेव्हा गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारायचे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे, कधी जबडा फुटायचा. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर नवशिक्याला हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला बजावत, ते त्याच धास्तीने. कॅडिलॅकचे हेन्री लीलंड यांना यावर उपाय हवा होता. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल, असे जाणकार सांगत. केटरिंगने गल्ल्याचाच हिशेब मांडला. काही सेकंदांचेच काम, तेवढ्यापुरती मोटर ताणली तरी ती जळत नाही. १९११च्या फेब्रुवारीत त्याने ते करून दाखवले. १९१२च्या कॅडिलॅकला हा ‘सेल्फ’ आला, आणि इंजिन चालू झाल्यावर तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी भरू लागली.

त्याआधीच, कॅडिलॅकच्या १९१०च्या गाड्यांसाठी, लीलंडने डेल्कोकडून इग्निशनचे आठ हजार संच मागवले होते. बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांची ती रचना आपल्या फियाट-ॲम्बॅसॅडरपर्यंत जवळपास तशीच आली. म्हणूनच बंद गाडीची तपासणी आजही केटरिंगच्या क्रमाने होते. किल्ली फिरवली आणि नुसते खटकन वाजून दिवे मंदावले, तर आधी बॅटरीची टर्मिनले पाहावीत. पांढरट भुकटी साचलेली असते, ती गरम पाण्याने धुवावी आणि टोके घट्ट आवळावीत. दिवे लख्ख राहूनही सेल्फ फिरत नसेल, तर सोलेनॉइडकडे किंवा खुद्द सेल्फकडे वळावे. सेल्फ जोमात फिरतो आणि इंजिन मात्र पेट घेत नाही, तेव्हा प्लगची वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. (हात वायरच्या रबरावरच हवा, नाहीतर झटका बसतो.) निळी, कडक ठिणगी उडाली तर दोष बहुधा पेट्रोलच्या बाजूचा. ती पिवळट, मलूल असेल किंवा उडतच नसेल, तर डेल्को खोलावा. पॉइंट काळे पडलेले असतात किंवा त्यांतली फट बुजलेली असते. वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर गेलेला असतो. कॉइल बदलण्याची घाई करणारे मिस्त्री या साध्या गोष्टी आधी का पाहत नाहीत, हे मला कधी कळले नाही.

पण या इग्निशनवर एक आळ आला, इंजिन ठोके देते असा. केटरिंगने तो मनाला लावून घेतला आणि दोष इंधनात आहे हे दाखवायचे ठरवले. १९२१च्या डिसेंबरात त्याचा सहकारी टॉमस मिजली याला पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याचा उपाय सापडला. अल्कोहोलनेही ठोके थांबतात हे त्यांच्या प्रयोगशाळेला ठाऊक होते, शिसे विषारी असते हे डॉक्टरांना. १९२४मध्ये शिशाचे हे संयुग विकणारी कंपनी निघाली, तिचा पहिला अध्यक्ष केटरिंगच. त्याच ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार शिशाच्या विषबाधेने, भ्रमिष्ट होऊन मेले. धंदा काही महिने थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मनगटे वाचवणाऱ्या माणसाने इथे काणाडोळा केला, असेच मला म्हणावे लागते. त्याचे चाहते त्याला काळाची मर्यादा म्हणतात. मला ते पटत नाही, कारण धोक्याचे इशारे त्याच काळात दिले गेले होते.

१९४५ साली आल्फ्रेड स्लोनबरोबर त्याने न्यूयॉर्कमध्ये कर्करोगावरची संशोधन संस्था उभारली, आणि पुढच्याच वर्षी त्याची पत्नी ऑलिव्ह त्याच रोगाने गेली. तो स्वतः १९५८च्या नोव्हेंबरात गेला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातला शेवटचा पंप अल्जीरियात, २०२१च्या जुलैपर्यंत ते विकत होता.