आवाज हरपलेला सम्राट

जर्मनीचा सम्राट तिसरा फ्रेडरिक याची कारकीर्द अवघ्या ९९ दिवसांची. १८८८ मध्ये तो सिंहासनावर बसला, तेव्हा त्याची वाचा गेलेली होती. कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून तो राज्यकारभार पाहत असे. दुखण्याची सुरुवात मात्र अगदी किरकोळ वाटावी अशा तक्रारीने झाली होती. आवाज बसला होता, इतकेच.

१८ ऑक्टोबर १८३१ रोजी पॉट्सडॅम येथे जन्मलेला फ्रेडरिक प्रशियाच्या गादीचा वारस. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या कन्येशी १८५८ मध्ये त्याचा विवाह झाला. ऑस्ट्रिया व फ्रान्सविरुद्धच्या युद्धांत त्याने सेनानी म्हणून नाव मिळवले, तरी विचारांनी तो उदारमतवादी होता. वडील पहिला विल्हेल्म दीर्घायुषी असल्याने पंचावन्नाव्या वर्षीही तो युवराजच होता. धूम्रपानाची सवय जुनी होती.

जानेवारी १८८७ मध्ये त्याचा आवाज घोगरा झाला व तो सुधारेना. मार्चमध्ये प्रा. गेरहार्ट यांना डाव्या स्वरतंतूवर गाठ आढळली. ती डागून काढूनही पुन्हा वाढली. कर्करोगाच्या संशयावरून शल्यविशारद बेर्गमान यांनी मे महिन्यात बाहेरून स्वरयंत्र उघडून गाठ काढण्याची तयारी केली. त्याआधी लंडनचे घसातज्ज्ञ मॉरेल मॅकेन्झी यांना पाचारण करण्यात आले. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय शस्त्रक्रिया नको, असे त्यांचे मत पडले. विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांना त्या तुकड्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली.

तुकड्यात रोग नाही म्हणजे गाठीतही नाही, असे मात्र नसते. नोव्हेंबरमध्ये इटलीतील सान रेमो येथे नवी वाढ दिसली आणि कर्करोगाचे निदान झाले. संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्यास फ्रेडरिकने नकार दिला. श्वास कोंडू लागल्याने ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवावी लागली. बरोबर एका महिन्याने वडील वारले व तो सम्राट झाला. १५ जून रोजी त्याचे निधन झाले. शवविच्छेदनात स्वरयंत्राच्या कर्करोगावर शिक्कामोर्तब झाले. गादी दुसऱ्या विल्हेल्मकडे गेली.

त्या काळी अशी शस्त्रक्रियाच जिवावर बेतत असे. त्यामुळे मे महिन्यातील निर्णय चुकला की नाही, यावर आजही दुमत आहे. रोगाने मात्र पूर्वसूचना दिली होती. स्वरतंतूवरील कर्करोग आवाजात लवकर बदल घडवतो. म्हणूनच तो वेळीच हाती लागू शकतो आणि रेडिएशन वा लेसरने बरा होऊन अनेकदा आवाजही वाचतो. तीन आठवड्यांनंतरही आवाज बसलेलाच असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. प्रत्येक घोगरा आवाज कर्करोगाचा नसतो. तथापि, बायॉप्सीत काही न निघताही तक्रार कायम राहिली, तर तपासणी पुन्हा व्हायला हवी.