मादाम क्यूरी आणि छातीवरचा बिल्ला

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतून आज कोणी ना कोणी रुग्णालयात काम करते. एक्स-रे काढणाऱ्यांच्या छातीवरचा टीएलडी बिल्ला आपण पाहिला असेल. त्याची गोष्ट मादाम क्यूरींपर्यंत मागे जाते.

मारिया स्क्लोदोव्स्का यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सामध्ये झाला. तेव्हा तेथे रशियाचा अंमल होता. थोरली बहीण ब्रोन्या पॅरिसमध्ये डॉक्टर व्हावी म्हणून मारियांनी परक्यांच्या घरी मुलांना शिकवून पैसे पाठवले. १८९१ मध्ये त्या स्वतः पॅरिसला गेल्या. १८९५ मध्ये पिएर क्यूरी यांच्याशी विवाह झाला आणि १८९८ मध्ये दोघांनी दोन मूलद्रव्ये शोधली. पहिल्याला मायभूमीच्या नावावरून पोलोनियम म्हटले, दुसरे रेडियम.

पुढे १९०३ व १९११ अशी दोन नोबेल पारितोषिके मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या प्रबंधातील एक लहानशी नोंद मात्र फारशी कोणी सांगत नाही. फ्लोराइटसारखे खनिज तापवले की उजळते आणि काही वेळाने ते तेज संपते. पण रेडियमचे किरण पडले की ते पुन्हा उजळू शकते. म्हणजेच स्फटिक किरणांची आठवण साठवून ठेवतो.

हा हिशेब त्यांच्या स्वतःच्या कामी आला नाही. रेडियम त्या उघड्या हातांनी हाताळत. पहिल्या महायुद्धात एक्स-रेच्या गाड्या घेऊन त्या जखमी सैनिकांसाठी फिरल्या. ४ जुलै १९३४ रोजी अप्लास्टिक ॲनिमियाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या वह्या आजही किरणोत्सारी असून शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी याच गुणधर्मावरून किरणांची मात्रा मोजण्याचा मार्ग दाखवला. आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेल्या बिल्ल्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. ठरावीक मुदतीने त्या तापवतात. जितका प्रकाश निघेल तितकी मात्रा. शरीराला जाणवणारही नाही इतकी थोडी मात्राही त्यात उमटते.

बिल्ला टेबलाच्या खणात ठेवून कामाला जाणारेही आम्ही पाहिले आहेत. खणातला बिल्ला खणाचाच हिशेब सांगतो. घरातल्या मुलासुनांना एवढे आवर्जून सांगावे, अशी आमची विनंती आहे. मादाम क्यूरींना जे लाभले नाही, ते आपल्या माणसांच्या छातीवर असू द्यावे.