क्रांतिसिंह नाना पाटील

कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या काठी वसलेला वाळवे तालुका आज सांगली जिल्ह्यात मोडतो. पूर्वी हा सारा मुलूख सातारा जिल्ह्याचाच भाग होता. 1949 साली त्यातून दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा करण्यात आला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. याच वाळवे तालुक्यातील येडे मच्छिंद्र हे नाना पाटील यांचे गाव. त्यांचा जन्म 3 ऑगस्ट 1900 रोजी एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे पूर्ण नाव नाना रामचंद्र पाटील.

लहानपणापासून नानांची देहयष्टी धिप्पाड होती आणि आवाज पहाडी होता. मराठी शाळेतील शिक्षण पुरे झाल्यावर त्यांना तलाठ्याची नोकरी मिळाली. त्या काळी खेड्यातील मनुष्यास सरकारी नोकरी मिळणे हे मोठे भाग्य समजले जाई. परंतु तलाठ्याच्या दप्तराने नानांना एक निराळेच शिक्षण दिले. कोणत्या शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे गहाण पडली आहे, कोणाच्या घरात सारा भरण्यापुरतेही पैसे नाहीत, हे त्यांना रोज दिसू लागले. रयतेची ही दैना पाहून त्यांचे मन नोकरीत रमेना.

सातारा जिल्ह्यात त्या वेळी सत्यशोधक समाजाच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली स्थापन केलेल्या या समाजाने खेडोपाडी जाऊन अज्ञान, अंधश्रद्धा व जातिभेद यांवर प्रहार केले होते. नानांच्या मनावर त्या विचारांचा खोल ठसा उमटला. लग्नकार्यात शेतकरी कर्ज काढतो आणि ते कर्ज त्याची मुलेही फेडीत बसतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून मानपान, वाजंत्री व हुंडा यांना फाटा देऊन थोडक्या खर्चात लग्ने लावण्याचा प्रचार त्यांनी हाती घेतला. अशा लग्नांना लोक गांधी लग्न म्हणू लागले.

1930 साली महात्मा गांधींनी कायदेभंगाची चळवळ सुरू केली. सातारा जिल्ह्यातही बिळाशीसारख्या ठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. नानांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि चळवळीत उडी घेतली. त्यानंतरच्या बारा वर्षांत त्यांना अनेक वेळा कारावास भोगावा लागला. तुरुंगातून सुटावे, गावोगाव भाषणे करावी आणि पुन्हा तुरुंगात जावे, असा त्यांचा क्रमच होऊन गेला. त्यांच्या भाषणात अवघड शब्द नसत. नांगर, बैल, बी-बियाणे, सावकाराची वही यांचेच दाखले देऊन ते स्वराज्याचा अर्थ समजावून सांगत. त्यामुळे त्यांचे भाषण ऐकण्यासाठी लोक कोसच्या कोस चालत येत.

1939 साली युरोपात दुसरे महायुद्ध पेटले. हिंदी जनतेला न विचारताच व्हाइसरॉयांनी हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. सातारा जिल्ह्यातील कितीतरी घरांतील तरुण सैन्यात होते. आपली मुले दूरदेशी लढत असताना गावात मात्र धान्य महाग होत चालले होते आणि युद्धासाठी वर्गणीचा तगादा लागला होता. ज्या देशाला स्वतःचे स्वातंत्र्य नाही, त्याने दुसऱ्याच्या युद्धासाठी रक्त व धन का द्यावे, हा प्रश्न शेतकऱ्यांच्या मनात घोळू लागला. हाच प्रश्न नानांसारखे कार्यकर्ते गावोगाव मांडीत होते.

8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारत ठराव संमत झाला आणि दुसऱ्याच दिवशी देशातील प्रमुख नेत्यांना अटक झाली. सातारा जिल्ह्यातील शेतकरी मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी तालुक्याच्या कचेऱ्यांवर शांततेने मोर्चे नेले. तासगावच्या कचेरीवर तिरंगी ध्वज फडकला. परंतु 9 सप्टेंबरला वडूज येथे पोलिसांनी मोर्चावर गोळीबार केला. त्यात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जणांनी देह ठेवला. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर येथेही गोळीबार होऊन पंड्या आणि बारपटे हे दोघे हुतात्मे झाले. निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा आता पुढे काय करावे, असा बिकट प्रश्न कार्यकर्त्यांपुढे उभा राहिला. नानांनी आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी भूमिगत होण्याचा निर्णय घेतला.

भूमिगत जीवन अतिशय खडतर होते. सरकारने नानांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. त्यांच्या घरादारावर जप्ती आणली. कधी उसाच्या फडात, कधी डोंगरातील खोपटात, तर कधी एखाद्या गरिबाच्या माळ्यावर त्यांना रात्र काढावी लागे. त्यांना भाकरी पोचविणाऱ्या बायाबापड्यांना पोलिसांचा मार खावा लागला. अशा काळातच नानांच्या मातोश्री वारल्या. अंत्यविधीला जावे तर पकडले जाण्याचे भय, न जावे तर पुत्रधर्माला अंतरल्याचे दुःख. नानांनी जीव धोक्यात घालून आईचे अंतिम दर्शन घेतले, अग्निसंस्कार केले आणि ते पुन्हा अज्ञातवासात निघून गेले.

1943 साली या भूमिगत कार्यकर्त्यांनी एक अपूर्व प्रयोग केला. इंग्रज सरकारचा कारभार गावापुरता नाकारून त्यांनी लोकांचे स्वतःचे सरकार उभे केले. यालाच प्रतिसरकार असे म्हणतात. नाना या प्रतिसरकारचे सर्वमान्य नेते होते. किसन वीर, नागनाथ नायकवडी, जी. डी. लाड, पांडू मास्तर यांसारखे जिवाला जीव देणारे सहकारी त्यांना लाभले. गावोगाव न्यायदान मंडळे स्थापन झाली. जमिनीचे, देण्याघेण्याचे व भाऊबंदकीचे तंटे वकिलांवाचून आणि खर्चावाचून गावातच मिटू लागले. दारूबंदी, साक्षरता, वाचनालये, स्वस्त धान्याचा पुरवठा अशी विधायक कामेही हाती घेण्यात आली. रक्षणासाठी कुंडल येथे तुफान सेना उभारण्यात आली. कुंडल हे गाव त्या वेळी औंध संस्थानात होते. औंधच्या राजांनी आपल्या प्रजेला पंचायतींचा कारभार पूर्वीच दिलेला असल्यामुळे तेथील लोकांना स्वराज्याची थोडीफार सवय होती. शिवाय संस्थानच्या हद्दीत ब्रिटिश पोलिसांना सहजासहजी शिरता येत नसे. त्याचाही भूमिगतांना उपयोग झाला.

प्रतिसरकार चालवायचे तर पैसा हवा. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ भूमिगतांनी पगाराची रेल्वेगाडी अडवून सरकारी पैसा घेतला. पुढे 1944 साली धुळ्याकडील सरकारी खजिनाही लुटण्यात आला.

त्या अंदाधुंदीचा फायदा घेऊन दरोडेखोरांच्या टोळ्या आणि गावगुंड जनतेला लुटीत होते. प्रतिसरकारने त्यांचा कठोर बंदोबस्त केला. गुन्हेगारांना व सरकारच्या हस्तकांना तळपायावर काठीचे फटके मारण्यात येत. बैलाला किंवा घोड्याला पत्री ठोकावी तशी ही शिक्षा, म्हणून लोकांनी या सरकारला पत्री सरकार असे नाव दिले. ही शिक्षा क्रूर होती, यात शंका नाही. अहिंसेच्या मार्गाने निघालेल्या माणसांनी हाती काठी घ्यावी काय, हा वाद तेव्हाही झाला आणि पुढेही चालू राहिला. त्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. एवढे मात्र खरे की, जेथे पोलीस चोराऐवजी देशभक्ताचा पाठलाग करीत होते, तेथे गरीब शेतकऱ्याला रात्री निर्धास्त झोप मिळाली, ती या सरकारमुळे.

1946 साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि भूमिगतांवरील वॉरंटे मागे घेण्यात आली. जवळजवळ चार वर्षे सरकारच्या हाती न लागलेले नाना लोकांसमोर प्रकट झाले. लोकांनी त्यांना क्रांतिसिंह ही पदवी अर्पण केली.

1947 साली देश स्वतंत्र झाला. नानांनी मनात आणले असते, तर सत्तेचे पद त्यांना दुर्लभ नव्हते. त्यांच्याच जिल्ह्यातील, भूमिगत चळवळीतील यशवंतराव चव्हाण पुढे मुख्यमंत्री झाले. परंतु इंग्रज गेला तरी शेतकरी कर्जातून सुटला नाही आणि कसणाऱ्याला जमीन मिळाली नाही, असे नानांचे मत होते. म्हणून ज्या काँग्रेससाठी त्यांनी तुरुंगवास सोसला, तीच त्यांनी सोडली. प्रथम ते शेतकरी कामगार पक्षात आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. जुन्या सोबत्यांशी मतभेद पत्करणे सोपे नव्हते. पण पटलेल्या मार्गाने चालताना त्यांनी लाभहानीचा विचार केला नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी आपल्या वाणीने सारा महाराष्ट्र जागा केला. 1957 साली साताऱ्यातून आणि 1967 साली बीडमधून जनतेने त्यांना लोकसभेवर निवडून दिले. धोतर, सदरा आणि फेटा या साध्या वेषात ते दिल्लीला गेले आणि संसदेतही त्यांनी मराठीतून शेतकऱ्यांची दुःखे मांडली. खासदार झाल्यावरही त्यांची राहणी पालटली नाही.

6 डिसेंबर 1976 रोजी नाना पाटील यांचे निधन झाले. ज्या वाळव्याच्या मातीने त्यांना संकटकाळी आश्रय दिला होता, तेथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. तलाठ्याच्या दप्तरात ज्यांची नावे केवळ बाकीदार म्हणून लिहिलेली असत, त्याच माणसांना नानांनी न्याय करायला आणि आपला कारभार आपण पाहायला शिकविले. स्वराज्य म्हणजे केवळ राज्यकर्ता बदलणे नव्हे, हा त्यांच्या जीवनाचा बोध आहे.