ताळा करणारे शास्त्रज्ञ : लुईस फ्राय रिचर्डसन



गणित चुकलं की मूल आधी खोडरबर शोधतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. आज अशा एका शिक्षकांची ओळख करून घेऊ, ज्यांनी स्वतःचं चुकलेलं उत्तर चक्क पुस्तकात छापलं.

रिचर्डसन यांचा जन्म 11 ऑक्टोबर 1881 रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. घराणं युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाचं. त्यामुळे पहिल्या महायुद्धात त्यांनी बंदूक न घेता फ्रान्समध्ये जखमींसाठी रुग्णवाहिका चालवली. विश्रांतीच्या वेळात ते हवामानाचं गणित मांडत. नकाशाचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातली हवा शेजारच्या चौकोनांमुळे कशी बदलेल, ते काढायचं. त्यासाठी त्यांनी मुद्दाम होऊन गेलेला दिवस निवडला, 20 मे 1910. का? तर ताळा करता यावा म्हणून! गणित म्हणालं, सहा तासांत हवेचा दाब 145 मिलिबार वाढेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. तरीही 1922 च्या पुस्तकात त्यांनी हे उत्तर जसंच्या तसं दिलं. म्हणूनच पुढच्या अभ्यासकांना कळलं, की घोळ सुरुवातीच्या आकड्यांत होता.

पुढे ते स्कॉटलंडमध्ये पेस्लीच्या तंत्रमहाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आता त्यांनी माणसांच्या गटांचं गणित मांडलं. समोरचा शस्त्रं वाढवतो म्हणून मी वाढवतो, मी वाढवतो म्हणून तो! 1909 ते 1913 चे लष्करी खर्चाचे आकडे या गणिताशी जुळले. पण ते तिथेच थांबले नाहीत. शेकडो लढायांच्या नोंदी जमवून त्यांनी इतर समजुतीही तपासल्या. भाषा एक असली की भांडणं टळतात, याला त्यांना आधार सापडला नाही.

1950 मध्ये एनिॲक संगणकावर हवामानाचे अंदाज काढले गेले. ते त्यांना पाहायला मिळाले. 30 सप्टेंबर 1953 रोजी त्यांचं निधन झालं.

आज संगणकात हजारो काल्पनिक माणसं सोडून गर्दी, वाहतूक, साथीचे रोग अभ्यासले जातात. प्रत्येकाला साधे नियम दिलेले असतात. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून वागतो आणि त्यातून सगळ्या गटाचं वागणं तयार होतं. पण पडद्यावरची गर्दी खरी वाटली म्हणून ती खरी ठरत नाही. खऱ्या नोंदींशी, तेही नियम ठरवताना न वापरलेल्या नोंदींशी, ताळा करावाच लागतो.

तेव्हा उद्या मुलांना एवढंच सांगूया : उत्तर खोडू नका. ताळा करा आणि कुठं चुकलं ते शेजारी लिहा.