महाकाय प्रिमो कार्नेरा आणि त्याचे विजय

खेळाच्या जगात विजयासारखे दुसरे प्रमाणपत्र नाही, असे आपण सारेच धरून चालतो. जो जिंकला तो श्रेष्ठ, हा हिशेब सोपा आहे आणि वर्तमानपत्राच्या क्रीडापानाला तो पुरतोही. परंतु काही विजय असे असतात, की ते काळाच्या ओघात उजळण्याऐवजी झिजत जातात. वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्याकडे वळून पाहिले, तर हाती फक्त आकडे उरतात. अशा विजयांचा विचार मनात आला, की मला आठवतो तो इटलीचा महाकाय मुष्टियोद्धा प्रिमो कार्नेरा. सुमारे शंभर लढती, त्यांपैकी अठ्ठ्याऐंशी जिंकलेल्या, त्यांतही सत्तरहून अधिक प्रतिस्पर्ध्याला पुढे लढू न देता. वर हेवीवेट गटाचे जागतिक अजिंक्यपद. एवढी मिळकत असूनही त्याचे नाव निघाले, की मुष्टियुद्धाचे जाणकार आदराने नव्हे, तर कीव येऊन बोलतात. हे असे का व्हावे, या कुतूहलाने मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

मुष्टियुद्ध हा खेळ आपल्या नाशिकला तसा परकाच. लष्करात तो रुजलेला आहे. पण पंचवटीतला किंवा जुन्या नाशकातला मुलगा तालमीची वाट धरतो ती कुस्तीसाठी. तरीही कार्नेराची कथा आपल्याला चटकन उमजेल, कारण तिचे मर्म सांगणारा शब्द आपल्या मातीतच आहे. जत्रेच्या फडात हलगी कडाडत असते, दोन पहिलवान एकमेकांना झोंबत असतात, आणि कडेला बसलेला एखादा म्हातारा वस्ताद मान हलवून सांगतो, की ही कुस्ती नुरा आहे. म्हणजे कोण पडणार आणि कोण पाडणार, हे फडात उतरण्याआधीच ठरले आहे. कार्नेराच्या पूर्वायुष्यातल्या कितीतरी लढती अशा नुरा होत्या.

प्रिमोचा जन्म २६ ऑक्टोबर १९०६ रोजी उत्तर इटलीतील फ्रिउली प्रांतातल्या सेक्वाल्स या खेड्यात झाला. हे गाव मोझॅकच्या कारागिरांचे. दगडाचे रंगीत तुकडे जुळवून फरशा घडवायच्या आणि कामासाठी देशोदेशी हिंडायचे, हा गावचा पेशा. प्रिमोचे वडीलही तेच काम करीत. घरी दारिद्र्य, पहिल्या महायुद्धाने ते आणखी वाढवले. पोर मात्र ताडासारखे वाढत होते. खाणारे तोंड मोठे आणि घरात अन्न थोडे, अशा अवस्थेत हा मुलगा कोवळ्या वयातच कामधंद्यासाठी फ्रान्सला गेला. मिळेल ती अंगमेहनत करता करता तो एका फिरत्या सर्कशीत दाखल झाला. तिथे वजने उचलायची, कुस्ती खेळायची आणि लोकांनी तोंडात बोट घालून बघावे असे उभे राहायचे, हे त्याचे काम. माणूस म्हणून नव्हे, तर नवलाची वस्तू म्हणून जगायची सवय त्याला तिथेच लागली असावी, असे मला वाटते.

सर्कशीतल्या या दांडग्या तरुणाला पॉल जुर्ने या जुन्या फ्रेंच मुष्टियोद्ध्याने हेरले आणि लेऑन से नावाच्या व्यवस्थापकाकडे नेले. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, वजन सव्वाशे किलोच्या घरात! से याला तो पाहताच तिकीटविक्रीच्या खिडकीवरची रांग दिसली असेल. १२ सप्टेंबर १९२८ रोजी पॅरिसमध्ये कार्नेराची पहिली व्यावसायिक लढत झाली आणि दुसऱ्याच फेरीत तो जिंकला. त्याला ना पवित्रा येत होता, ना बचाव. आपल्याकडे पोराला नुसते जोर-बैठकांवर वर्षभर राबवल्याशिवाय वस्ताद मातीत उतरू देत नाही. येथे मात्र शिष्य आधी लढतीत उतरला आणि मग शिकू लागला. पुढे लेऑन से याने पुस्तक लिहून आपणच कबुली दिली, की सुरुवातीच्या बऱ्याच लढती ठरवून घडवलेल्या होत्या. आणि ते शिष्याला ठाऊक नव्हते! आपण आपल्याच ठोशांनी माणसे लोळवतो आहोत, असे तो भाबडा जीव समजत होता.

१९२९ साल सरता सरता कार्नेराला अमेरिकेला नेण्यात आले. दोनच महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता. दारूबंदीच्या त्या काळात चोरट्या दारूवर गबर झालेल्या टोळ्यांचा मुष्टियुद्धाच्या धंद्यात पुरता शिरकाव झालेला होता. ओनी मॅडन आणि बिल डफी या टोळीवाल्यांच्या हाती कार्नेराचा लगाम गेला. २४ जानेवारी १९३० रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पहिला अमेरिकन प्रतिस्पर्धी जेमतेम सव्वा मिनिटात झोपवला. मग गावोगाव त्याची वरात निघाली. पहिल्या काही महिन्यांत एकामागून एक विजय, बहुतेक पहिल्या काही फेऱ्यांतच. कोठे समोरचा मल्ल अगदीच सुमार, कोठे पैसे घेऊन पडणारा, तर कोठे धमकीने मुकाट झालेला.

यांतली एक लढत मासला म्हणून सांगण्याजोगी आहे. एप्रिल १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे बाँबो शेव्हालिए हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा कार्नेराला चांगलाच भारी पडत होता. सहाव्या फेरीत अचानक शेव्हालिएच्याच बाजूच्या माणसाने टॉवेल फेकून हार पत्करली. प्रेक्षक खवळले, चौकशी झाली आणि त्या राज्याने कार्नेरावर बंदी घातली. तरीही नोंदवहीत ती लढत कार्नेराचा विजय म्हणूनच लिहिलेली आहे. नोंदवहीला डोळे नसतात, हेच खरे.

मात्र कार्नेरा नुसता मातीचा पुतळा होता, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. लढता लढता तो शिकत गेला. डाव्या हाताचा सरळ ठोसा त्याने बरा घोटला आणि त्या आकाराच्या माणसाच्या मानाने त्याचे पाय चपळ होते. ऑक्टोबर १९३१ मध्ये जॅक शार्की या कसलेल्या मुष्टियोद्ध्याशी तो पंधरा फेऱ्या टिकला आणि गुणांवर हरला. ही हार मला त्याच्या आधीच्या डझनभर विजयांहून मोलाची वाटते. ती खरी होती.

यानंतरचा प्रसंग या जीवनकथेतला सर्वांत काळा. १० फेब्रुवारी १९३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये कार्नेराची गाठ अर्नी शाफ याच्याशी पडली. शाफ गुणी होता. पण आदल्या ऑगस्टमध्ये मॅक्स बेअरच्या हातून जबर मार खाऊन तो बेशुद्ध पडला होता आणि नुकताच आजारातून उठला होता. तेराव्या फेरीत कार्नेराच्या एका ठोशाने तो खाली गेला, तो पुन्हा उठलाच नाही. ठोसा काही फार जोराचा दिसला नाही, म्हणून प्रेक्षकांनी ही लबाडी आहे असा गिल्ला केला. चार दिवसांनी शाफ मरण पावला. आयुष्यभर खोट्या विजयांनी वेढलेल्या माणसाचा खरा ठोसासुद्धा लोकांना खोटा वाटावा, आणि त्याच ठोशाखाली एक माणूस जावा! कार्नेरा या मृत्यूने खचून गेला होता. नुरा कुस्ती कोणाचे काय बिघडवते, लोकांची घटकाभर करमणूकच होते ना, असे म्हणणाऱ्यांनी ही लढत लक्षात ठेवावी.

त्याच वर्षी २९ जून रोजी जागतिक अजिंक्यपदासाठी शार्की आणि कार्नेरा पुन्हा समोरासमोर आले. शार्की आता अजिंक्यवीर होता. सहाव्या फेरीत कार्नेराने खालून वर मारलेल्या ठोशाने तो कोसळला आणि दगडी फरशांच्या गावचा पोरगा जगज्जेता झाला. ही लढत खरी की ठरवलेली? शार्कीने अखेरपर्यंत लबाडीचा इन्कार केला. मृत शाफ हा त्याच्या जवळचा, त्याच्याच देखरेखीखाली लढणारा मुष्टियोद्धा. त्या रात्री रिंगणात शाफची आकृती आपल्यासमोर उभी राहिली, असेही तो पुढे सांगत असे. खरे-खोटे आज कोणालाच छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. नुरा लढतींचा खरा शाप हाच, की त्या पुढच्या स्वच्छ विजयावरही संशयाची सावली पाडतात.

इटलीत मुसोलिनीला तर आयतेच सोंग सापडले. नव्या इटलीचे बळ म्हणून काळ्या सदऱ्यातला कार्नेरा मिरवण्यात आला. २२ ऑक्टोबर १९३३ रोजी रोममध्ये खुद्द मुसोलिनीच्या उपस्थितीत त्याने स्पेनच्या पाउलिनो उझ्कुदुनला गुणांवर हरवून पद राखले. त्या काळात बलोपासनेच्या इटालियन प्रयोगांचे आकर्षण दूरवर पोचले होते. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे मार्च १९३१ मध्ये इटलीला गेले, मुसोलिनीला भेटले आणि तिथल्या तरुणांच्या शारीरिक व लष्करी शिक्षणाच्या संस्था त्यांनी पाहिल्या. १९३७ मध्ये आपल्या नाशकात त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. बलाचे वेड त्या पिढीला किती लागले होते, हे यावरून ध्यानात यावे. पण सत्ता बलवानावर प्रेम करते ती तो जिंकत असेपर्यंतच, हा धडा कार्नेराला लवकरच मिळायचा होता.

१ मार्च १९३४ रोजी मायामीत त्याने टॉमी लोगरनला हरवले. लोगरन त्याच्याहून तब्बल ८६ पौंडांनी, म्हणजे जवळजवळ ३९ किलोंनी हलका होता. आपल्याकडे अशी जोड लावणाऱ्या पंचाला फडातून उठवले असते! तरीही लोगरन पंधरा फेऱ्या उभा राहिला. नोंदवहीत विजय कार्नेराचा. मनात मात्र लोगरनच भरतो.

आणि मग १४ जून १९३४ उजाडला. समोर मॅक्स बेअर होता आणि त्याला कोणी विकत घेतलेले नव्हते. अकरा फेऱ्यांत कार्नेरा सुमारे अकरा वेळा पडला आणि दर वेळी उठला. पहिल्याच फेरीत त्याचा घोटा दुखावला होता म्हणतात. अखेर पंचांनी लढत थांबवली. वर्षाला पंधरा दिवस कमी असताना अजिंक्यपद गेले. पुढच्या वर्षी २५ जूनला एकवीस वर्षांच्या जो लुईने सहाव्या फेरीत त्याचा निकाल लावला. इटलीची अबिसिनियावर स्वारी तेव्हा तोंडावर आली होती आणि एका कृष्णवर्णीय तरुणाने मुसोलिनीच्या राक्षसाला लोळवले, याचा अर्थ जगाला समजावून सांगावा लागला नाही. हरलेल्या कार्नेरात रोमला रस उरला नाही. १९३६ मध्ये लिरॉय हेन्सने त्याला दोनदा हरवले. पायातली ताकद गेली आणि त्याला रुग्णालयात पडून राहावे लागले. १९३८ मध्ये त्याचे एक मूत्रपिंड काढावे लागले. लाखो डॉलर्सच्या कमाईतला मोठा वाटा टोळीवाल्यांच्या खिशात केव्हाच गेला होता.

येथे कोणी म्हणेल, की मागे वळून पाहणाऱ्याला शहाणपण फुकट मिळते. या न्यायाने कोणाचाच विजय टिकणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. कारकिर्दीत एकदाही न हरलेल्या रॉकी मार्सियानोने २६ ऑक्टोबर १९५१ रोजी जो लुईला पाडले, तेव्हा लुई सदतीस वर्षांचा होता आणि करांच्या थकबाकीपायी लढत होता. त्या विजयाचे तेजही आज थोडे उणे वाटते. पण दोहोंत फरक आहे. प्रतिस्पर्धी म्हातारा असणे हा काळाचा दोष. प्रतिस्पर्धी विकत घेतलेला असणे हा माणसाचा. पहिल्याने विजय लहान होतो, दुसऱ्याने तो विजयच राहत नाही.

कार्नेराचा शेवट मात्र इतका वाईट झाला नाही. महायुद्धानंतर १९४६ मध्ये तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत उतरला. ती कुस्ती म्हणजे उघड उघड तमाशा. पण तिथे तो लोकप्रिय झाला, त्याने पैसा मिळवला आणि तो बायकोमुलांच्या हाती पडला. दारूगोळ्यासारख्या अंगाचा हा माणूस स्वभावाने मवाळ होता. चित्रपटांतही त्याने कामे केली. त्याच्या आयुष्याशी मिळतीजुळती कादंबरी १९४७ मध्ये निघाली, १९५६ मध्ये तिच्यावर ‘द हार्डर दे फॉल’ हा चित्रपट आला, तेव्हा बदनामी झाली म्हणून त्याने दावा लावला आणि तो हरला. १९६७ मध्ये आजारी अवस्थेत तो सेक्वाल्सला परतला आणि २९ जून रोजी, अजिंक्यपद मिळवल्याच्या बरोबर चौतिसाव्या वार्षिक दिवशी, तिथेच वारला.

आपल्या या अंकात दरवर्षी जिमखान्याचा अहवाल छापला जातो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतल्या विजयांची यादी त्यात असते आणि त्यांतल्या काही ओळींपुढे वॉकओव्हर असा शब्दही असतो. ढाल दोन्हींची सारखीच चकाकते. कार्नेराचे चरित्र वाचल्यापासून ती यादी मी निराळ्या नजरेने वाचतो. कोण जिंकले यापेक्षा समोर कोण होते, हे मी आधी पाहतो. आणि कोण हरले यापेक्षा तो कितव्यांदा उठून उभा राहिला, हे शोधतो. कार्नेराच्या अठ्ठ्याऐंशी विजयांपैकी कितीक त्याला दुसऱ्यांनी मिळवून दिले होते. पण बेअरसमोर अकरा वेळा पडून अकरा वेळा उठणे हे कोणी ठरवून दिलेले नव्हते. ते पूर्णपणे त्याचे स्वतःचे होते.