भद्राचलचे रामदास

रामदास म्हटले की सज्जनगडचे समर्थ डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु त्याच सतराव्या शतकात गोदावरीच्याच तीरी, तेलंगणात, दुसरे एक रामदास होऊन गेले. त्यांचे मूळ नाव कंचर्ला गोपन्ना.

गोवळकोंड्याचे सुलतान तानाशाह (१६७२ ते १६८७) यांच्या राज्यात ते पाल्वंचा परगण्याचे तहसीलदार होते. सुलतानाच्या दरबारातील आकण्णा व मादण्णा हे त्यांचे मामा. भद्राचलावर त्यांनी श्रीरामाचे भव्य मंदिर उभारले. पण त्यापायी सरकारी वसूल खर्ची पडला. नातेसंबंध कामी आले नाहीत. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात त्यांना बंदिवास घडला. परंपरा तो बारा वर्षांचा सांगते.

त्या कोठडीत त्यांनी तेलुगू कीर्तने गाइली. त्यांत निमूट सोसणे नाही. सीतामाईच्या, लक्ष्मणाच्या अलंकारांवर किती मोहरा वेचल्या, याचा हिशेबच ते रामापुढे मांडतात, रागावतात आणि लगेच क्षमाही मागतात. असे भांडण माणूस आपल्या जिवलगाशीच करतो.

कथा अशी की, एके रात्री राम-लक्ष्मण तरुणांच्या वेषाने तानाशाहाकडे गेले, सहा लक्ष मोहरा भरून पावती घेतली आणि ती निद्रिस्त रामदासांच्या उशाशी ठेवली. दर्शन घडले ते सुलतानाला! सुटकेच्या आनंदाहून ही खंतच रामदासांना अधिक लागली, असे भाविक सांगतात.

सुटका ही देवाच्या प्रेमाची खूण खरी. परंतु शृंखलांतही न तुटलेला हा संवाद त्याहून थोर होय.